हडळीले काय पाह्यजे

मानोरा, १२ जानेवारी १९७४, शनिवार

बाजाराच्या मैदानात पिक्चरचा तंबू उभा राहिला. मागच्या साली दुष्काळामुळे आलाच नव्हता. तंबूवाल्या युसूफभाईनं मला पाहिलं आणि खांबाला दोर बांधता बांधताच ओरडला, "गोजराबाई, जिंदा हाय का अजून? चला, बायांची बाजू सांभाळा."

माझं काम असं असते. तंबूच्या मधोमध कनात. एकीकडे बाया, एकीकडे माणसं. पिक्चर हिंदीत, आणि आमच्या बायांना हिंदी येते ती बाजारापुरती. म्हणून मी त्यांच्या मधात बसून पडद्यावरचं बोलणं वऱ्हाडीत सांगते. मशीन एकच आहे. एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत लेकरं रडतात, बायांना घरी झाकून ठेवलेल्या भाकरी आठवतात. तेव्हा उभं राहून मागचं समजावून द्यायचं आणि पुढच्याचं बोट चाटवायचं, म्हणजे कोणी उठत नाही.

भिवाजीदादाला हे आवडत नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यानंच विहारात वर्ग काढला. मी चाळिशी उलटलेली बाई, माझा हात धरून त्यानं पाटीवर ‘ग’ काढून घेतला. आज मी विहारात बायांना पुस्तक वाचून दाखवते, हे लिहिते, ते सगळं त्याचं देणं. दुपारी आला आणि ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाला, "गोजरा, देव नदीत सोडून आलो आपण, अन तू तंबूत बसून भुतं सांगतं?"

म्हटलं, "दादा, सर्कशीतला वाघ का घरी येते?"

हसला नाही. पण रागावलाही नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

आज भुताचं पिक्चर लागलं. नाव लांबलचक आहे. बाया नुसतं ‘हडळीचं’ म्हणतात.

गोष्ट अशी. मोठ्या मालकाच्या घरी राबणारी एक बाई. तिचं नाव मालकाच्या पोराशी जोडलं जाते आणि ती विहिरीत सापडते. मग पांढरं लुगडं, मोकळे केस, उलटे पाय. वाटेनं जाणाऱ्या माणसांना हाका मारते. शेवटी मांत्रिक झाडाला खिळा ठोकतो, ती भडभड जळते, आणि मालकाचं पोरगं डोक्यावरून पदर न ढळणाऱ्या गोऱ्या पोरीशी लग्न लावते. कनातीपलीकडची माणसं हडळ लांब असली की शिट्या मारत होती. ती जवळ आली की गप.

रीळ बदलताना बांगड्या विकणारी मेहरबी मनियारीण म्हणाली, "गोजरा, एक बात बता. हमारे में जिन्न मरद होता. ये पिक्चरात सब के सब भूत औरतच काहून? मरद मरते नहीं क्या?"

म्हटलं, "मरतात वो. पण त्यायले मेल्यावर काही करायचं बाकी नाही राहत. जित्तेपणीच सगळं करून घेतात."

बाया अशा हसल्या की युसूफभाईनं कनातीवर काठी आपटली.

तांड्यावरची धरमसिंगची म्हातारी मात्र हसली नाही. पिक्चरात हडळीला जादू शिकवणारी जी चेटकीण आहे, तिला आरशांचा घागरा घातला आहे, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अगदी हिच्यासारख्याच. म्हातारी मला म्हणाली, "माह्या बापानं बैलाच्या पाठीवर मीठ इकलं जनमभर. आमी कोणाचं काय केलं वो?" आणि गाठोडं उचलून निघून गेली. मी सांगताना त्या चेटकिणीचा घागरा गाळला होता, पण डोळ्यापुढचं कसं गाळणार?

माझ्या मांडीला मांडी लावून पंचफुला बसली होती. वस्तीतल्या दुर्गाची धाकटी सून. रिठदची पोर, सालभरापूर्वी लग्न होऊन आली. नवरा, ग्यानबा, कारंज्याला जिनिंगात कामाला असतो, महिन्या-पंधरवड्यानं येतो. तिनं विचारलं, "मावशी, तिले इहिरीत कोणं ढकललं?"

"पिक्चर म्हणते तिनंच उडी घेतली."

"पाह्यलं कोणं?"

तेवढ्यात नवीन रीळ लागलं.

१९ जानेवारी, शनिवार

आज जरा माझ्या मनचं सांगितलं. मांत्रिक हडळीला एक घाणेरडा शब्द बोलतो. तो माझ्या जिभेवर येईना. मी म्हटलं, "मांत्रिक म्हणून राह्यला, हिच्यावर लई अन्याय झाला." मेहरबीनं कोपर मारलं, "वो ऐसा नहीं बोला." म्हटलं, "तू चूप बस." बाया मुसमुसू लागल्या. हडळ जळताना त्या रडल्या आणि पलीकडे माणसं टाळ्या पिटत होती. एकच पिक्चर, कनातीच्या दोन बाजूंना दोन.

आणखी एक मनात आलं. आमच्याकडे पूर्वी बाईच्या अंगात आलं की चार माणसं हात जोडून विचारत, कोण होय तू, काय पाह्यजे तुले. ती चोळी मागे, वेशीवर दिवा मागे, कोंबडं मागे. मागितलं ते द्यावंच लागे. खोटंच सगळं, पण विचारत तरी. पिक्चरातल्या मांत्रिकानं काही न विचारता सरळ खिळाच काढला.

परतताना दारात इंद्रभान बॅटरी घेऊन उभा. दुर्गाचा थोरला, पंचफुलाचा भासरा. मोठा मायाळू. त्याची बायको लिला दुष्काळाच्या साली पाण्याला गेली आणि पाय घसरून विहिरीत पडली. विहिरीत तेव्हा घोटाभर पाणी होतं, खालचा खडकच डोक्याला लागला. तेव्हापासून बिचारा एकटा. तरी भावाच्या बायकोची किती काळजी. रोज न्यायला येतो, जाता जाता मलाही घरापर्यंत उजेड दाखवतो. पंचफुला लहान पोरीसारखी माझं बोट धरून माझ्या पलीकडून चालत होती. माझं घर आलं तशी म्हणाली, "मावशी, आज तुमच्याघरी झोपू का?"

मी दटावलं. "घर टाकून दुसऱ्याच्या दारी झोपतात का, पोरी?"

२५ जानेवारी, शुक्रवार

दुर्गाकडे गेले होते. पंचफुलाच्या खोलीच्या दाराला आतून वाटणाचा पाटा लावलेला. म्हटलं, "हे काय वो?" दुर्गा तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मांजर येते."

"एका मांजरासाठी एवढा पाटा? बाप्पा, मांजर हाय का वाघ?" मी हसले. दोघी हसल्या नाहीत. या घरात लिला गेल्यापासून हसणं कमीच झालं आहे.

पंचफुला रोज तंबूत येते, तेच पिक्चर पाहते. आज विचारत होती, "मावशी, ती जित्ती होती तवा तिले कोणी भेत नोयतं. मेल्यावर काहून भेतात?" बुद्धीची पोर आहे. शिकली असती तर मास्तरीण झाली असती.

३ फेब्रुवारी, रविवार

वस्तीत एकच बोलणं. पंचफुलाला हडळ लागली.

परवा दिवेलागणीला इंद्रभान काडीची पेटी घ्यायला तिच्या खोलीत गेला. ही केस सोडून कोपऱ्यात बसलेली. एकदम उठली, त्याच्या गळ्याला हात घातला आणि पिक्चरातल्यासारखी हिंदीत किंचाळली. तो असा पळाला की चप्पल अंगणातच राहिली. काल पुन्हा तेच. आता तो विहाराच्या ओसरीत झोपतो. वस्तीतली तरणी पोरं त्या दारावरून जाताना दुसऱ्या बाजूनं जातात.

हे माझ्या सांगण्याचं. कोवळ्या डोक्यात मी रोज ते भरलं. पाहायला गेले तर पोर भिंतीला टेकून गाढ झोपलेली. दुर्गा हळूच म्हणाली, "दोन दिवस झाले, पोटभर झोपून राह्यली." तोंडावर तजेलाही आला आहे. आजारातही असा उजेड येतो म्हणतात, विझायच्या आधीचा. मला भलतं भलतं वाटत राहिलं.

भिवाजीदादा तिथेच आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "गोजरा, तुह्या तंबूनं आपल्या वस्तीत हडळ आणली. लोक आता भगत बोलवायची गोष्ट करून राह्यले. अठरा वर्षांचं केलेलं धुऊन जाईन. तूच आणली, तूच काढ."

खरं आहे. भगत आला तर पोरीला मिरचीची धुरी देईल, चिंचेच्या फोकानं मारेल. त्याआधी काही केलं पाहिजे.

१० फेब्रुवारी, रविवार

आज मी धन्य झाले.

संध्याकाळी दुर्गाच्या अंगणात सगळी वस्ती जमली. पंचफुला मधात बसून डोकं घुमवत होती. केस धुळीत. इंद्रभान फाटकाजवळ, आत पाय टाकत नव्हता. दादा काही बोलणार तोच दुर्गा पुढे आली. जी बाई चारचौघांत कधी तोंड उघडत नाही ती पोरीसमोर गुडघ्यावर बसली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "कोण होय तू? काय पाह्यजे तुले? माग. सगळ्यायसमोर माग, मी देतो."

दादाचा चेहरा पडला. अठरा वर्षांनी आपल्या वस्तीत हे शब्द! पंचफुलाचं डोकं थांबलं. ती सासूकडे पाहत राहिली. ओठ हलले. "मले... हिले इथून..."

मी तिथेच बादली उचलली आणि गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं.

"हडळ नाही, काही नाही!" मी म्हटलं. "हे सगळं तंबूतलं हाय. आता पाहा, ही पुढं काय म्हणते ते मीच सांगतो." आणि पिक्चरातलं हडळीचं बोलणं हातवारे करून घडाघडा म्हणून दाखवलं. लोक आधी बावरले, मग एक हसला, मग सगळे. इंद्रभान सर्वांत मोठ्यानं हसला. "नाटकी हाय लेकाची! मी उगीच ओसरीत थंडीनं मेलो."

दादानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आज शिकवल्याचं चीज झालं, गोजरा." माझ्या डोळ्यांना धार लागली.

पंचफुला ओल्या लुगड्यात तशीच बसली होती. माझ्याकडे पाहत होती. फार थंडी वाजली असावी.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

इंद्रभान घरी झोपायला गेला. सकाळी मला सरपणाची मोळी आणून टाकली. मी म्हटलं नव्हतं, मायाळू आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

पंचफुला तंबूत आली नाही. रोज वाट पाहते. आज शेवटी घरी गेले.

पाटा अंगणात पडला होता. खोलीच्या दाराची कडी काढून टाकलेली. चार भोकं तेवढी उरली. पंचफुला चुलीपुढे. खालचा ओठ फाटलेला, हातात एक बांगडी नाही, मनगटावर काचेच्या चिरा.

"काय झालं वो?"

"पडली," दुर्गा म्हणाली. मग घागर उचलली. "मी पाण्याले जातो. तू बस हिच्याजवळ. मले येळ लागीन." घागर भरलेली होती. ती तिनं अंगणात ओतून दिली आणि रिकामी घेऊन गेली.

पंचफुलानं भाकर उलटली. माझ्याकडे न पाहता बोलली. आवाज शांत होता, त्यानंच मी जास्त घाबरले.

"मावशी, माह्या अंगात काही नव्हतं, हे मलेबी मालूम होतं. त्याले मालूम नव्हतं. तेवढंच होतं माह्यापाशी."

मग तिनं सांगितलं. दारात उभा राहून तो काय म्हणतो. कडी कोणत्या दिवशी काढली, तिचे खिळे कुठे खोचले. आधी ही खोली लिलाची होती, तिनंही याच दाराला पाटा लावला होता. सासूनं पंचफुलाला पहिल्याच आठवड्यात तो पाटा आणून दिला, एक शब्दही न बोलता.

चुलीतला धूर डोळ्यात जात होता. दोघी पुसत होतो.

२५ फेब्रुवारी

लिहवत नाही.

१ मार्च, शुक्रवार

दुर्गाला आडोशाला गाठलं. म्हटलं, "तुह्या पोराले बोल." ती म्हणाली, "एकदा बोलली होती. लिलाच्या वक्ताले. त्यानं मले भिंतीवर घातलं अन चार दिवसांनी लिला इहिरीत."

मग दादाकडे गेले. दादा माणूस चांगला आहे, हे मी आजही लिहिते. त्यानं मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गोजरा, पाह्यलं कोणं?"

हाच प्रश्न त्या पोरीनं मला पहिल्या दिवशी केला होता; तिच्या तोंडी तो वेगळा होता.

"पोरगी सांगते, दादा."

"पोरगीनं दहा दिवस सगळ्या वस्तीले खेळोलं. नाटक करते, हे कोणं सिद्ध केलं? तूच. आता तिचं कोण ऐकीन? इंद्रभान विहाराच्या भिंतीसाठी डोक्यावर इटा वाहून राह्यला. उगी बदनामी नको." उठता उठता म्हणाला, "मी त्याले समजावतो, दारू पिऊ नको म्हणून."

तो दारू पीतच नाही.

कारंज्याच्या गाडीच्या कंडक्टरकडून ग्यानबाला निरोप दिला होता, बायकोला घेऊन जा. त्याचं उत्तर आलं: इंद्रभानदादा तसा नाही, ती नाटकं करते असं मी ऐकलं.

मीच तिला खोटी ठरवली. पोरीनं आता खरं सांगितलं तरी खोटं, खोटं सांगितलं तरी खोटं. पुस्तकातलं सगळं वाचलं, पण कनातीच्या कोणत्या बाजूला बसून वाचायचं ते मला कळलं नाही.

५ मार्च, मंगळवार

तंबूत आज पुन्हा हडळीचं. मी नीट सांगू शकले नाही. मांत्रिकानं खिळा काढला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, इचार तं तिले!" बायांना वाटलं पिक्चरातलंच बोलणं आहे. मेहरबीनं तेवढं माझ्याकडे वळून पाहिलं. "गोजरा, तबियत ठीक है ना?"

म्हटलं, "ठीक हाय. एक सांग, तुमच्यातला जिन्न कोणाच्याबी अंगात येते का? म्हातारीच्याबी?"

"जिन्न को क्या, जगह खाली मिली तो आता," ती म्हणाली आणि माझा हात दाबला.

७ मार्च, गुरुवार

काल मी हडळ झाले.

दिवेलागणीची वेळ. विहारात बाया वाचनाला जमल्या होत्या. मी पुस्तक मिटून ठेवलं, अंबाडा सोडला. चार पांढरे केस, त्यांचं काय भ्या वाटणार. उलटे पाय कुठून आणू? म्हणून पाठमोरी चालत निघाले. विहारापासून दुर्गाच्या अंगणापर्यंत. दोनदा ठेचकाळले. पोरं मागे लागली, "गोजरा आजी पाह्य, गोजरा आजी पाह्य!" बाया हसत होत्या. मग मी वळत नाही, थांबत नाही, हे पाहून हसू आटलं.

अंगणात गर्दी झाली. इंद्रभान जेवत होता. उठला नाही. "घ्या, आता म्हातारीबी नाटक करून राह्यली."

मी त्याच्याकडे पाठ करूनच बोलले. आवाज मोठा काढला नाही; पिक्चरातली किंचाळते, तिथेच लोकांना हसू येते. दारात उभा राहून तो पंचफुलाला जे म्हणतो, तो शब्द न शब्द सांगितला. कडी कधी काढली ते सांगितलं. कडीचे खिळे त्यानं छपराच्या वळचणीत खोचून ठेवले आहेत ते सांगितलं. कोणीतरी हात घालून पाहिलं. खिळे निघाले. अंगण असं शांत झालं की दुर्गाच्या गोठ्यातली शेळी चारा चावताना ऐकू येत होती.

पंचफुला दारात उभी होती. तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं. तिनं एक शब्द काढला नाही आणि सगळं सांगून झालं.

तेव्हा दुर्गा पुढे आली. गुडघ्यावर बसली. दादा ओरडला, "दुर्गा, चूप!" ती त्याच्यावरून ओरडली, "कोण होय तू?"

हे मी ठरवून गेले नव्हते. तोंडातून आलं. "लिला."

इंद्रभानचा हात ताटातच राहिला. "मी नाही," तो म्हणाला. "तिचा पाय... मी तं वर होतो, मी हात देऊन राह्यलो होतो..." कोणी त्याला काही विचारलं नव्हतं. लिला गेली त्या दिवशी तो बाजाराला गेला होता, असंच आजपर्यंत सगळे सांगत आले.

"काय पाह्यजे तुले?" दुर्गाचा आवाज फाटला. "माग, माय. माग."

"हे घर माह्यं हाय," मी म्हटलं. "इथं दुसरी बाई नाही पाह्यजे मले. हिले हिच्या नवऱ्याकडं कारंज्याले धाडा. पुन्हा इथं आणाल तं थोरल्याले घेऊन जाईन."

"देल्लं," दुर्गा म्हणाली. "सगळ्यायनं ऐकलं. देल्लं."

मग मी पडले. ते नाटक नव्हतं.

१० मार्च, रविवार

ग्यानबा काल आला. भावाच्या दारात पाय न ठेवता बायकोला घेऊन गेला. निरोप बायकोचा होता तेव्हा आला नाही, मेलेलीचा होता तर पहिल्या गाडीनं आला.

पंचफुला गाडीत चढण्याआधी म्हणाली, "मावशी, आता तुमचं कसं?"

म्हटलं, "माह्यं काय? मी हडळ. मले कोण खाते?"

ती हसली नाही. खिडकीतून पाहतही राहिली नाही. बरं झालं.

विहिरीवर माझ्या आधी आलेल्या बाया घागरी न भरता परत जातात. लेकरांना दारात फिरकू देत नाहीत. युसूफभाई आला, म्हणाला, "भोंग्यावर सांगू का, असली हडळ बायांच्या बाजूले बसते म्हणून? तंबू फाटून जाईन." मी त्याला हाकललं. मेहरबी टोपली घेऊन आली, माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. म्हटलं, "विधवेले?" म्हणाली, "हडळ को कौन मना करता?"

दुर्गा मागच्या दारानं आली, भाकरी घेऊन. बसली. म्हणाली, "पयल्या वक्ताले मी म्हणूनच इचारलं होतं, गोजरा. आई म्हणून पोराविरुद्ध तोंड उघडत नव्हतं, भुताचं ऐकलं म्हणून तरी तिले धाडता आलं असतं. ती सांगूनच राह्यली होती. अन तू पाणी ओतलं."

भाकर तोडून दोघींनी खाल्ली.

लिलाबद्दल पुढे कोणी काही करणार नाही. भुताची साक्ष कोणत्या ठाण्यात लिहून घेतात?

१७ मार्च, रविवार

आज विहारात बैठक. सगळी वस्ती. माझी नेहमीची जागा दादाच्या उजव्या हाताला, पुस्तक माझ्या मांडीवर. आज त्यानं मुद्दाम तिथेच बसवलं. मला वाईट वागवायचं त्याच्या मनात नव्हतं. मला परत घ्यायचं होतं.

ग्यानबाही कारंज्याहून आला होता, मागे भिंतीशी. शिमगा झाला, जिनिंग बंद होत आली, महिनाअखेर सगळे मजूर घरी परततात. त्याच्या बाजूला इंद्रभान. तोंड उतरलेलं, पण कान माझ्याकडे.

दादा उभा राहिला. "गोजरा आमच्या वर्गातली पयली बाई. सगळ्यायले तिनं वाचून दाखोलं. तिच्या हातून चुकी झाली, थकली असंन, म्हातारपण हाय. तिनं फक्त एक शब्द सांगावा अन हे इथंच मिटावं. मग जो तो आपल्या घरी सुखानं राहीन." माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. "सांग बाई. मी तुले काय शिकोलं? भूत असते का?"

नाही म्हटलं असतं तर खरं झालं असतं. खरं बोलायचं तर मला याच माणसानं शिकवलं. आणि महिनाअखेर ग्यानबा बायकोला घेऊन त्या बिनकडीच्या दारात परत आला असता.

बायांच्या बाजूनं एक बांगडी वाजली नाही.

"असते, दादा," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं वाकून माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं. सावकाश, झोपलेल्या लेकराला उचलावं तसं. ते छातीशी धरून उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उठले. दारात इंद्रभान वाट अडवून उभा होता. मी सरळ त्याच्या अंगावर चालत गेले. तो बाजूला झाला.